आईने कट केलेला फोन

“हा नंबर कुणाच्या नावावर आहे, मावशी?” मगदूम हवालदारांनी विचारलं.

“दयाच्या,” आई म्हणाली. “माझ्या लेकाच्या.”

“आणि जेलमधनं फोन कोण करणार आहे?”

“दयाच की.”

हवालदारांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, कपाळाचा घाम पुसला आणि माझ्याकडे पाहिलं. “म्हणजे कैद्यानं स्वतःच्याच नंबरवर फोन करायचा आणि स्वतःशीच बोलायचं, असं कळवू का मी वर?”

मला हसू आलं. आईला मुळीच आलं नाही. “फोन त्याचा हाय, पण आता मी वापरायलोय. तो आत हाय, फोन भाईर हाय. त्यात काय चुकलं?”

आमच्या इचलकरंजीकडे बायकाही ‘येतो, जातो, करतो’च म्हणतात. त्यामुळे आईचं बोलणं परक्याला जरा दटावल्यासारखं वाटायचं, आणि ती खरोखरच दटावत असली तर विचारायलाच नको. मगदूम मात्र इथलेच होते. ते शांतपणे म्हणाले, “चुकलं काहीच नाही. पण नियम असा आहे की नंबर नातेवाइकाच्या नावावर पाहिजे. तुमच्या नावावर नवं कार्ड घ्या, मी परत येतो, आणि ‘ही त्याची आई, हा तिचा नंबर’ असं कळवतो. मग त्याला फोन करता येईल.”

हे सगळं संभाषण ओरडून चाललं होतं. आमचं घर म्हणजे मालकांच्या मागशेडला पाठ लावून बांधलेल्या दोन खोल्या. भिंतीपलीकडे यंत्रमाग अखंड चालायचे. खटक खटक खटक. भांडी मांडणीवर थरथरायची, आणि कपातल्या चहावर बारीक लाटा उठायच्या. त्या आवाजात आम्ही जन्मलो, अभ्यास केला, भांडलो. जेलचे नियम गुप्त असतात की काय मला माहीत नाही, पण हवालदारांनी ज्या पट्टीत ते सांगितले, त्यामुळे त्या दिवशी अख्ख्या गल्लीला ते तोंडपाठ झाले.

आता त्या शेडच्या जागी मंगल कार्यालय उभं आहे. तिथे सनई वाजते, तीही बेताची. मी जवळच दोन गल्ल्या पलीकडे राहते आणि अजूनही मला शांततेत धड झोप लागत नाही. त्या आवाजावर आम्ही उठता-बसता वैतागायचो, आणि आज तो कुठे विकत मिळाला असता तर मी पिशवी घेऊन गेले असते.

तर नियम. फोन आतून बाहेर यायचा, बाहेरून आत करता यायचा नाही. दयाने दिलेल्या आणि पोलिसांनी तपासलेल्या नंबरवरच तो लागणार. बराकीप्रमाणे वार ठरलेला, दयाचा मंगळवार, सकाळची वेळ. बोलायला पाच मिनिटं. शेजारी शिपाई उभा राहून ऐकणार. कोर्टाचं, केसचं, आतल्या दुसऱ्या कुणाचं बोलायचं नाही. पाच मिनिटं झाली की फोन बंद, आणि मग पुढचा मंगळवार.

“आणि आपण उचलला नाही तर?” मी विचारलं होतं.

“तर त्याची पाळी गेली,” हवालदार म्हणाले. “मागं रांग असते.”

ते गेल्यावर आई बराच वेळ दारात उभी होती. मग आत येऊन म्हणाली, “वैजू, नंबर त्यानंच दिला न्हवं?”

“त्यानंच दिला. त्याशिवाय हवालदार कशाला येतील?”

“म्हणजे बोलायचं त्याच्या मनात हाय.”

आईच्या तोंडावर तसं हसू मी कितीतरी महिन्यांनी पाहिलं.

दयानंद माझा थोरला भाऊ. मी त्याला दयादादा म्हणायची. वडील लवकर गेले. आईने कांड्या भरून, म्हणजे मागाच्या धोट्यात बसणाऱ्या नळ्यांवर सूत गुंडाळून, आम्हा दोघांना वाढवलं. दादा मोठा झाल्यावर त्याच शेडमध्ये जॉबर झाला. माग बिघडला की दुरुस्त करायचा तो जॉबर. हात सोन्याचे होते त्याचे, आणि डोकं मात्र कापराचं. एक दिवस सुकुमार नावाच्या कामगाराशी त्याचं वाजलं. माग वेळेवर दुरुस्त होत नाही म्हणून सुकुमारने मालकांकडे तक्रार केली होती, एवढंच निमित्त. दादाच्या हातात लोखंडी पाना होता. तो त्याने फेकला. सुकुमारचा एक डोळा गेला.

दादा पळाला. निपाणीला मावशीकडे जाऊन लपला. मावशीने गुपचूप निरोप धाडला, तशी आई पहिल्या एसटीने तिथे गेली. तिने त्याला शिव्या दिल्या नाहीत, मारलं नाही. मावशीच्या चुलीपाशी बसून स्वतःच्या हाताने भाकरी थापून त्याला पोटभर जेवायला घातलं, आणि त्याचं मनगट धरून त्याला एसटीत बसवलं. स्टँडवर उतरल्यावर दादाला वाटलं, घरी चाललोय. आईने त्याला सरळ पोलीस चौकीत नेलं.

“सायब,” ती म्हणाली, “सुकुमारचा डोळा ह्यानं फोडलाय. जेवून आलाय. आता ठेवून घ्या.”

दादा तिच्याकडे बघतच राहिला. सगळी केस चालली तेव्हा कोर्टात आई रोज पहिल्या बाकावर बसायची. दादाने एकदाही मान वर करून तिच्याकडे पाहिलं नाही. शिक्षा झाली, त्याला दूरच्या जेलमध्ये नेलं. आम्ही भेटायला गेलो. खिडकीतल्या माणसाने नाव पुकारलं, आत निरोप गेला आणि परत आला: भेटायला येत नाही म्हणतो. दुसऱ्या वेळीही तेच. तिसऱ्या वेळी आईने माझ्याकडे भाकऱ्यांचं गाठोडं दिलं आणि म्हणाली, “तू खा. तो माझं तोंड बघणार न्हाई.”

लोक आपापल्या परीने बोलायचे. काहींना आई देवमाणूस वाटायची आणि काहींना दगड. नळावरच्या बायका मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणायच्या, “पोटचं पोर कुणी हातानं देतंय व्हय?” आईला त्याचं काही वाटत नसे, निदान दिसत तरी नसे. ती कांड्या भरत राहायची. सुकुमारच्या घरीही ती गेली होती. तिथे तिला कुणी बस म्हटलं नाही. ती उभ्यानेच दोन शब्द बोलून परत आली.

तिच्या मनात काय चाललंय, ते मला नव्या कार्डाच्या वेळी कळलं.

कार्ड आलं, हवालदार येऊन सही घेऊन गेले, आणि मी आईची शिकवणी सुरू केली. हिरवं बटण दाबायचं, फोन कानाला लावायचा, हॅलो म्हणायचं. आईला ऐकू कमी यायला लागलं होतं. मागाच्या आवाजात जन्म काढलेल्या माणसांचं हे होतंच. तिचा उजवा कान जवळजवळ गेलेला होता, म्हणून फोन डाव्या कानाला लावायचा, हेही शिकवलं. मग मी म्हटलं, “पाच मिनिटं लगेच संपतात. काय बोलायचं ते आधी ठरव.”

“ठरलंय.”

“काय?”

“एकच इचारायचं हाय.” ती हातातल्या सुताकडे बघत होती. “मी तुला चौकीत न्हेलं, ते चुकलं का रं? एवढंच. चुकलं म्हणाला तर चुकलं. पण त्याच्या तोंडनं ऐकायचं हाय मला.”

लोकांनी इतकं बोलून जी बाई तसूभर हलली नव्हती, ती रात्रंदिवस हेच घोकत बसली होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने तो झटकला आणि म्हणाली, “हिरवं बटण दाव बघू परत.”

पहिला मंगळवार कोरडा गेला. आम्ही दोघी सकाळपासून फोनसमोर बसलो होतो आणि फोन नुसता पडून होता. पोलिसांकडचा कागद अजून जेलपर्यंत पोचला नसेल, असं मी म्हटलं. आईने मान हलवली.

दुसऱ्या मंगळवारी पाणी आलं. त्या काळी आमच्या गल्लीत पाणी येणं म्हणजे सणच होता. कधी येईल आणि कधी जाईल, नेम नाही. मी आईला म्हटलं, “मी चार घागरी आणतो, तू फोनपाशी बस. हिरवं बटण.” आईने ‘जा, जा’ असा हात केला. मी घागर घेऊन पळाले.

परत आले तेव्हा आई फोन हातात घेऊन उभी होती. तोंडावर असा आनंद की मला वाटलं बोलणं झालंसुद्धा.

“आला?” मी घागर टेकवायच्या आधीच ओरडले.

“आला की!” आई म्हणाली. “दयाचाच असणार. लांबलचक नंबर होता. मी लगीच कट केला, आता लावायलोय उलटा. लागंना झालाय.”

घागर माझ्या हातातून निसटली नाही, एवढंच. “कट केलास?”

“मग? त्याचं कशाला बिल पडू द्यायचं? तिथं त्याला मिळतंय तरी काय?”

हे समजायला त्या दिवसांत जगलेलं असावं लागतं. तेव्हा कुणी कुणाला सरळ फोन करत नसे. मिस कॉल द्यायचा. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे निघालो, आणि बोलायचंच असेल तर समोरचा फोन कट करून उलटा करायचा. आईने तर त्याचा धर्मच केला होता. मावशीचा फोन आला की ती कधीही उचलायची नाही. पट्कन कट करायची आणि आपण लावायची. दारात आलेल्याला आधी पाणी द्यावं, तसं होतं ते तिला. आपल्या घरी फोन करणाऱ्याचे पैसे जाता कामा नयेत. ‘मी लावतो’ हे तिच्या मायेचं दुसरं नाव होतं. तिला मी सगळे नियम सांगितले होते, पण फोन आल्यावर तो कट करायचा नसतो, हे सांगायचं कुणाच्या डोक्यात येणार?

मी फोन तिच्या हातातून घेतला. त्याच नंबरवर ओळीने कितीतरी कॉल लावलेले दिसत होते. मीही लावला. एक बाई गोड आवाजात सांगू लागली की या क्रमांकावर येणाऱ्या कॉलची सुविधा नाही.

“काय म्हणतीया?” आईने विचारलं. तिला त्यातलं काही ऐकूच आलं नव्हतं.

“आई, आपल्याला तिथं फोन करता येत नाही. हवालदारांनी सांगितलं नव्हतं का? फोन आतूनच येतो.”

“ते म्हाईत हाय. पण त्यानं केलाय न्हवं? त्यानं केलेल्यावर आपण उलटा करायचा. त्याला कुठं नियम लागतोय?”

मी तिला हळूहळू समजावलं. हळूहळू म्हणजे ओरडूनच. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद कसा उतरत गेला, ते मला बघवेना. शेवटी ती खाली बसली आणि म्हणाली, “म्हणजे एवढ्या दिसांनी पोरानं हाक मारली, आणि मी त्याच्या तोंडावर दार लावलं.”

“तसं नाही गं.”

“तसंच. त्याला काय वाटलं असंल? चौकीत दिलं ते दिलं, आता फोनबी घीना झाली.”

त्या दिवशी फोन परत वाजला नाही. पुढच्या मंगळवारी आई पहाटेपासून अंघोळ करून बसली होती. फोन आला नाही. मी दादाला पत्र टाकलं. आईने कट का केला ते चार-चारदा लिहिलं. पण दादाने आयुष्यात कुणाला ओळ लिहिली नव्हती, त्यामुळे उत्तराची आशा नव्हतीच. त्याच्या पुढच्या मंगळवारीही फोन गप्प राहिला, तसं आईने जेवण टाकलं. म्हणजे ताटावर बसायची, पण उठायची तेव्हा भाकरी तशीच असायची.

मग मीच म्हटलं, “चल, जाऊन येऊ.”

जेलच्या दारातल्या खिडकीपाशी आम्ही नाव दिलं. बराच वेळ गेला. मग आतला माणूस म्हणाला, “भेटायला नाही म्हणतोय.”

“बरं, निदान फोन तरी कर म्हणावं,” मी म्हणाले.

त्याने समोरचा कागद चाळला. “दयानंद खारगे ना? त्याचा फोन महिनाभर बंद केलाय.”

“का?”

“शिस्त मोडली. फोनच्या जागेवर दांडगाई केली.”

“कसली दांडगाई?”

“ते मला माहीत नाही. पुढं चला, मागं लोक आहेत.”

परतीच्या एसटीत आई खिडकीला डोकं टेकवून बसली होती. पंचगंगेचा पूल आला तशी मला म्हणाली, “माझ्यामुळं झालं.”

“काय?”

“मी कट केला. त्याचं डोकं फिरलं, आणि त्यानं परत कुणालातरी मारलं. आता शिक्षा वाढंल. एकदा मी न्हेऊन बसवला, आता मीच अडकवला.” आणि मग माझा हात घट्ट धरून म्हणाली, “चुकलंच गं माझं, वैजू. न्हेलं तेच चुकलं. मावशीकडं ऱ्हायला असता, कुठंतरी कामाला लागला असता. सगळी जगत्यात तशी. मला एकटीलाच कशाला शानपन सुचलं?”

मला रडू आलं आणि रागही आला, कुणाचा ते मात्र समजेना. दादाचा म्हणावं तर तो आत होता, आणि आईचा म्हणावं तर ती अशी समोर मोडून बसलेली. मी एवढंच म्हटलं, “तू नेलंस ते बरोबरच केलंस.” तिला ते ऐकू गेलं की नाही कुणास ठाऊक. ज्याच्या तोंडून ऐकायचं होतं, तो मी नव्हे.

महिना कसातरी सरला. त्यानंतरचा मंगळवार आला तेव्हा आईने फोन माझ्या हातात दिला आणि सांगितलं, “मी हात लावणार न्हाई. आला तर तू बोल. त्याला बरं हाय का इचार, आणि कुणाला मारलं ते इचार. मला काय सांगायचं असंल तर तूच सांग.” आणि ती माझ्याकडे पाठ करून कांडीच्या मशीनवर जाऊन बसली.

फोन वाजला. मी हिरवं बटण इतक्या जोरात दाबलं की नख दुखलं.

“खारगे यांचं घर?” कुणीतरी खडसावून विचारलं. “बोला. पाच मिनिटं.”

मग थोडी खरखर, आणि मग: “वैजू?”

“दादा!” मी दुसऱ्या कानात बोट घातलं. पलीकडे सगळे माग चालू होते.

“किती वरडतीस? शेड चालू हाय व्हय?” तो हसत होता. “अजून त्यो सात नंबरचा माग घरघर करतोय बघ. मी असतो तर एव्हाना नीट केला असता.” इतक्या लांबून, फोनवरून, त्याने सातव्या मागाचा आवाज ओळखला.

“आई हाय?” त्याने विचारलं.

“हाय. दादा, त्या दिवशी तिनं फोन...”

“कट केला. म्हाईत हाय.”

“तिला वाटलं तुझं बिल पडंल. तिला कळलं नाही रे, की...”

“अगं, तुझं पत्र मिळालं. एवढं पानभर कशाला लिवत बसलीस? आई कुणाचा फोन कधी पहिल्यांदा उचलतीय का? मला म्हाईत न्हाई व्हय?”

आई उठून समोर येऊन उभी राहिली होती. मशीन तिने बंद केलं होतं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मागावरची माणसं कानाने कमी आणि डोळ्यांनी जास्त ऐकतात. शेडमध्ये दोन टोकांना उभे राहून, नुसते ओठ हलवून लोक तासन् तास गप्पा मारायचे. आम्हाला लहानपणापासून ती सवय.

“मग तुझा फोन कशानं बंद केला?” मी विचारलं. “आईनं खाणं सोडलंय. तिला वाटतंय तू रागानं कुणाला मारलंस.”

पाच मिनिटांतली किती गेली, किती राहिली, या विचाराने माझा जीव वर-खाली होत होता.

“मारलं न्हाई गं कुणाला,” तो म्हणाला. “मी फोनपासनं हाललो न्हाई.”

“म्हणजे?”

“फोन कट झाला तसं मला कळलं, आई आता उलटा लावणार. मागं रांग होती. शिपाई म्हणाला, खारगे, झालं तुझं, चल. मी म्हटलं, सायब, जरा थांबा, आईनं कट केलाय, आता तिचा येतोय. तो म्हणाला, येडा का खुळा? ह्याच्यावर फोन येत न्हाई.” दादाचा आवाज चिरकला. “मला काय ठाऊक न्हवतं व्हय, वैजू? रोज बघतोय तो फोनचा डबा. पण पाय निघंना. वाटलं, ती तिकडं लावत असंल, आणि मी इकडनं निघून गेलो तर? दोन्ही हातांनी धरूनच बसलो. चौघांनी ओढून न्हेलं. म्हणून फोन बंद केला.”

“ती लावतच होती रे,” मी म्हणाले. “मी आले तरी लावतच होती.”

“म्हाईत हाय मला.”

मी आईकडे वळले. एरवी मी ओरडले असते, पण फोन तोंडाशी होता. मी नुसते ओठ हलवले. मारामारी नाही केली. फोन धरून उभा राहिला. तुझा उलटा फोन येणार म्हणून. ओढलं तरी निघाला नाही.

आई माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती. “परत सांग,” ती म्हणाली.

मी परत सांगितलं.

ती चौकीत रडली नव्हती. निकाल लागला तेव्हा रडली नव्हती. जेलच्या खिडकीवरून चारचारदा परत आली तेव्हाही नाही. आता ती तिथेच, सुताच्या ढिगाऱ्यात, पदर तोंडात कोंबून रडली. भिंत थरथरत होती आणि तिचे खांदेही.

“आई रडती का?” दादाने विचारलं.

“होय.”

“तिला म्हणावं, पुढच्या भेटीला ये. मी येतो जाळीपाशी. आतापत्तूर लाज वाटत हुती, वैजू. ह्या कपड्यात तिच्यापुढं कसं उभं ऱ्हायचं? तिला बघितलं की मी रडणार, आणि हितं रडलं की लोक हसत्यात.” मग घाईने म्हणाला, “सुकुमार कसा हाय?”

“मागावर येतो. एका डोळ्यानं करतो काम.”

“आईला दे,” दादा एवढंच म्हणाला.

मी फोन आईच्या डाव्या कानाला लावला. तिने तो दोन्ही हातांनी धरला आणि सुरू झाली. “दया! खुळ्या! जेवतोस का वेळंवर? पांघराय हाय का? अरं, त्या शिपायाशी कशाला भांडतोस, तो त्याचं काम करायलाय! मावशीच्या म्हशीला रेडकू झालंय. वैजू पास झाली. तू काय बी काळजी करू नगंस...” मागांच्या आवाजात तिला त्याचं एक अक्षरही ऐकू येत नसणार. ती थांबतच नव्हती. पलीकडे तो काय म्हणत होता, ते मला माहीत नाही. शिपाईही ऐकत असेल, आणि त्याच्या नियमात रेडकू कुठे बसतं ते त्यालाच ठाऊक.

मग फोन बंद झाला. आई पुढेही थोडा वेळ बोलतच होती. मी तिच्या हातातून फोन काढून घेतला, आणि एकदम माझ्या लक्षात आलं.

“आई! तुझं ते विचारायचं राहिलंच की!”

“काय?”

“नेलं ते चुकलं का म्हणून. किती दिवस तेच म्हणत होतीस. आता परत पुढच्या मंगळवारपर्यंत...”

आई पदराने तोंड पुसत होती. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जशी मीच जरा कमी हुशार आहे.

“चुकलं असतं,” ती म्हणाली, “तर माझ्या फोनची वाट बघत हुबा ऱ्हायला असता व्हय गं तो?”

मग ती चुलीपाशी गेली, सकाळची भाकरी ताटात घेतली आणि माझ्यासमोर बसून सगळी खाल्ली.